नावाड्याची तेरवी

सोमवारी सकाळी सिंधूबाईचा ठेला कॉलनीच्या कोपऱ्यावर वळला की कुणी ना कुणी मेलेलं असायचं. आधी मयताची बातमी यायची, मग पालक-मेथी.

"गेला वं पद्माताई, तुमचा राजपुत्र गेला! मुंडकं तिकडं न धड इकडं!"

अमरावतीत आमच्या बडनेरा रोडकडच्या कॉलन्यांमध्ये लाइन जायची असली की ती नेमकी रविवारी संध्याकाळी जाते. त्या आठवड्यात पद्मावहिनींच्या ओळीत आठ ते नऊ अंधार होता. राजपुत्राचं काय झालं ते त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. मुलगा कॉलेजातून आला की त्याच्या मोबाइलवर पाहू, तोवर कुणी काही बोलू नका, असं त्यांनी सकाळी दूधवाल्यालासुद्धा बजावलं होतं. आणि ही बाई तीन घरं आधीपासून ओरडत येत होती. पद्मावहिनींनी रिकामी पिशवी तोंडाला लावली आणि खरोखरच रडल्या. सिंधूबाईने ठेला थांबवला, चाकाला दगड लावला, कंबरेवर हात ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "रडा. मोकळं रडा. मंग आलूबोंडे कवा आनता ते सांगा."

मी हसले. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात मी काही फार चांगली दिसत नाही, आणि तोवर तुमचं माझ्याबद्दल बरं मत झालेलं असलं तर उगाच फसवल्यासारखं होईल.

आलूबोंड्याचं प्रकरण कळायला 'मेघदुर्ग' सांगायला हवी. ही मालिका शनिवार-रविवारी संध्याकाळी आठला लागायची. ढगांवर तरंगणारा किल्ला, त्यातली दुष्ट पण देखणी राणी, खाली धुक्याची नदी, आणि माणसांशी बोलणारी गिधाडं. मी शाळेत आठवीला भूगोल शिकवते. ढग म्हणजे पाण्याची वाफ आणि त्यावर वीटसुद्धा ठरत नाही, हे पोरांना पटवून देण्याचा मला पगार मिळतो. तरी शनिवारी पावणेआठला माझी पोळी करपायची. आमचे हे म्हणायचे, "एक्कावन्न वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा बांधते, अन् गिधाडाचं म्हणणं बरोबर की राणीचं यावर भाजीवालीशी भांडते." भांडत होते, खोटं कशाला बोलू?

आमचं मंडळ चौघांचं. मी, पद्मावहिनी, इंगळे काका आणि सिंधूबाई. इंगळे काका रेल्वेतले, मालगाडीचे गार्ड. सगळी नोकरी बडनेऱ्याला काढून निवृत्त झालेले, एकटे. त्यांच्या ओट्यासमोर निंबाचं झाड, म्हणून ठेला तिथे थांबायचा आणि चर्चाही तिथेच व्हायची. आम्ही तिघं ओट्यावर, सिंधूबाई ठेल्याशी उभी. तिला कुणी कधी 'बसा' म्हटलं का, हे मी परवा आठवून पाहिलं. नाही म्हटलं.

तर या चौघांनी मालिकेतलं एकेक पात्र दत्तक घेतलं होतं. आपलं पात्र मेलं की आपण बाकीच्यांना तेरवी घालायची, म्हणजे आलूबोंडे आणि चहा. पहिला बोंडा कंपाउंडच्या भिंतीवर कावळ्यासाठी. कावळा शिवल्याशिवाय कुणी तोंड लावायचं नाही. ही टूम इंगळे काकांची. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने आयुष्य काढलेल्या माणसाला असल्या गोष्टी सुचतात.

दत्तकाच्या दिवशी सिंधूबाईला यायला उशीर झाला. तोवर काकांनी राणी घेतली होती, पद्मावहिनींनी राजपुत्र, मी राजवैद्य. उरला होता सोमा नावाडी. तो राजपुत्राला धुक्याच्या नदीतून पलीकडे सोडतो, एवढंच त्याचं काम. दोन-चार वाक्यं आणि एक फाटकी घोंगडी.

"उरल्यासुरल्या वांग्यावानी मायासाठी हा ठेवला काय?" तिने विचारलं. मग मेथीची जुडी झटकत म्हणाली, "चालते. नावाडी मरत नसते मॅडम. नावेत बसनारे मरते."

तिचं हे असं होतं. जीभ अशी की दोन्ही बाजूंनी कापावी. चाळिशी ओलांडलेली, काळी, काटक. टिकली नाही, कपाळावर बोटाने लावलेलं कुंकू, दहा वाजेपर्यंत घामाने नाकावर उतरलेलं. दीर गजाननच्या वाडीत भाजी व्हायची, ती पहाटे तोडायची आणि ठेल्यावर घेऊन निघायची. मूलबाळ नाही. टमाट्यांना ती भेदरं म्हणायची, आणि कुणी ती दाबून पाहू लागलं की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "दाबू नका बाई, तुमचा नवरा नाही तो." समोरच्या बंगल्यातल्या नव्या सुनेने त्या दिवसापासून टमाटे मॉलमधून आणायला सुरुवात केली.

माझ्या राजवैद्यावर तिचा विशेष लोभ. "तुमीच हाय तो, मॅडम. दवा एक मालूम नाही, पन बोलनं केवढं!" शाळेत माझं जे काही चाललं आहे त्याचं इतकं अचूक वर्णन मुख्याध्यापकांनाही जमलेलं नाही.

पण तिच्या जिभेचा कडेलोट पाहायचा तर राणी मेली तो सोमवार. राणीला गिधाडांनी उचलून नेऊन दरीत टाकलं. इंगळे काकांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. राणी काहीशी तिच्यासारखी दिसते, डोळे आणि हनुवटी, असं ते एकदा बोलून गेले होते. त्या सोमवारी त्यांनी आलूबोंडे विकत आणले नाहीत. सकाळी उठून स्वतः पुऱ्या तळल्या, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी केली. पुऱ्या काळ्या झाल्या होत्या. आम्ही दोघींनी आधी भाजीच वाढून घेतली. सिंधूबाईने पुरीचा तुकडा मोडला, वास घेतला आणि म्हणाली, "काका, मानूस येकदा रंडवा होते. तुमी दोनदा झाले."

पद्मावहिनींना ठसका लागला. काका हसले. मोठ्याने हसले, मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले, आणि तो किती वेळ पुसला ते मी सांगत नाही. सिंधूबाईने चार पुऱ्या खाल्ल्या. पाचवी पदरात बांधून नेली.

माझ्यावरची पाळी मी बरेच दिवस टाळली. राजवैद्य एका गुहेत शिरला आणि कित्येक भाग दिसलाच नाही. मी म्हणायची, प्रेत दाखवलं नाही, म्हणजे जिवंत आहे. तेरवी नाही. भूगोलात पुरावा लागतो, असंही एकदा म्हणाले. त्यावर सिंधूबाईने कायदाच करून टाकला.

"बारा भाग दिसला नाही का मेला. संपलं."

"बाराच का?" पद्मावहिनींनी विचारलं.

"बारा वर्सं मानूस घरी आला नाही तर त्याले पळसाच्या पानाचा करून जाळते का नाही? मंग. टीव्हीवाल्याले बारा भाग खूब झाले."

पद्मावहिनी एकदम मेथी निवडायला लागल्या. कारण सिंधूबाईचा नवरा बेपत्ता होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. किसन त्याचं नाव. कांद्याची रोपं घेऊन धारणीच्या बाजाराला जातो म्हणून जीपमध्ये बसला. जंगलात वाटेत चहाला जीप थांबली, तिथे उतरला, आणि पुन्हा चढला नाही. जीपवाल्याला ते धारणीला पोचल्यावर कळलं. पोलिसांत देऊन झालं, देवाला नवस झाले, नंतर कुणी म्हणालं खंडव्याकडे दिसला, कुणी म्हणालं बाई ठेवली. सिंधूबाई हे सगळं वांग्याच्या भावाच्या आवाजात सांगायची. "मेला असता तर मले सपन पडलं असतं. आमचं भांडन अर्धंच राहून गेलं. त्याले यावंच लागते पुरं कराले."

असं असून बारा वर्षांवरून बारा भागांचा नियम तिने स्वतःच काढला, आणि काढताना हसलीही. मी माझे आलूबोंडे आणले. राजवैद्य पुढे कधीही दिसला नाही, तेव्हा तिचा कायदा चुकीचा होता असं म्हणता येत नव्हतं.

मग दुसऱ्या पर्वात सोमा नावाडी गेला. मेला असं नाही, गेला. राजपुत्राच्या बहिणीला पलीकडे सोडून तो रिकामी नाव घेऊन परत निघाला, धुकं दाटलं, वल्ह्याचा आवाज आला, मग तोही आला नाही. पुढचा भाग लग्नाचा होता. त्याच्या पुढे लढाई लागली, ती आठवडेच्या आठवडे संपेना. नावाड्याचं कुणी नाव काढेना.

मोजणी काकांकडे होती. गार्डाची सवय, डबे मोजायची. दर सोमवारी ओट्याच्या कडेला खडूने दोन रेघा.

"सहा झाले, सिंधूबाई."

"होऊ द्या. तो पान्यात हाय. पान्यात टायम लागते."

"आठ झाले."

"धुकं हाय ना बाप्पा! धुक्यात कोनी दिसते का? तुमचे डोये तरी काय कामाचे हाय, पुऱ्या जळल्या ते दिसलं नाही तुमाले."

काकांनी दोन रेघा जरा जोरात ओढल्या.

त्याच दिवसांत गजाननचं सुरू झालं. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न अकोटकडच्या एका घरात ठरत आलं होतं. मुलाच्या आजीने मोडता घातला: घरातला कर्ता भाऊ नाहीसा झालेला, त्याची क्रिया झालेली नाही, अशा घरात आम्ही पोरगा देत नाही. आणि अक्षय्य तृतीयेला किसनला जाऊन बारा वर्षं पुरी होत होती. जोशीबुवांनी सांगितलं, आता विधी करता येतो. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, जाळायचा, दहावा-तेरावा करायचा, म्हणजे घर मोकळं. फक्त त्याची बायको हो म्हणायला हवी, आणि तिने कुंकू पुसायला हवं.

"गजानन म्हनते, वहिनी, भाऊची क्रिया करून टाकू," ती कोबी रचता रचता म्हणाली. "म्या म्हनलं, पयले तुही करतो."

"मग काय म्हणाला?"

"पाया पडला. म्हनते, माया पोरीचं वाटोळं करू नको. आता पोट्टी बी मायाशी बोलत नाही. म्याच वाढवलं तिले, न मायाच ताटात ते पानी ठेवत नाही." तिने कोबीचं एक पान ओढून काढलं, फेकलं. "जिता मानूस जाळू का मी तिच्या लग्नासाठी? सांगा मॅडम, तुमी शिकेल हाय."

शिकलेली बाई काय म्हणाली? शिकलेली बाई म्हणाली, "ते असू द्या, नावाड्याचे दहा भाग झाले."

सगळे हसले. तीही हसली. एवढं मला लख्ख आठवतं, की तीही हसली. आणि लगेच म्हणाली, "काल दिसला तो. लढाईत. मागं वल्हं होतं त्याचं."

आता हे असं बोलणं आमच्या मंडळात कुणी सोडून देणं शक्य नव्हतं. पद्मावहिनींनी मुलाचा मोबाइल आणवला. लढाईचा भाग काढला. चौघांची डोकी त्या चिमुकल्या पडद्यावर. सिंधूबाईने ओल्या बोटाने जागा दाखवली: धूर, घोडे, आणि मागे कोपऱ्यात एक उभी काळी रेघ. "हे पाहा! हे वल्हंच हाय!" काकांनी चित्र थांबवलं. दोन बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं. रेघेच्या टोकाला लोखंड चकाकत होतं.

"भाला आहे," काका म्हणाले.

"वल्हं हाय."

"सिंधूबाई, टोक पाहा. भाला आहे."

तिने मोबाइल हातात घेतला. इतका जवळ नेला की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. पदराने पुसली, पुन्हा पाहिलं. रस्त्यावर दोन गिऱ्हाइकं उभी होती, तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी मोबाइल परत दिला. "असन भाला," ती म्हणाली. "मले का करा लागते?" आणि पहिल्यांदाच तिने गिऱ्हाइकाला वजन न करताच कोबी देऊन टाकला.

आम्हाला थांबता आलं असतं. काका म्हणू शकत होते, की नदीतल्या माणसाला पंधरा भाग देऊ. पद्मावहिनी म्हणू शकत होत्या, जाऊ द्या, आता कंटाळा आला या खेळाचा. मी तर काहीही म्हणू शकत होते, बोलण्यात माझा हात कुणी धरत नाही. पण प्रत्येकाकडे तिचं काहीतरी येणं होतं. कुणाकडे पुऱ्या होत्या, कुणाकडे राजपुत्राचं मुंडकं. माझ्याकडे तो राजवैद्य. आम्ही दु:खी बाईशी खेळत नव्हतो, आम्ही एका चांडाळ बाईला तिच्याच कायद्यात पकडलं होतं. मजा होती ती. आजही ओठावर हसू येतं.

बारा भाग झाले त्या सोमवारी ती ठेल्यावर मोठा डबा घेऊन आली. आलूबोंडे घरीच तळलेले, सोबत सांबाराची हिरवी चटणी. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. तिने डबा ओट्यावर ठेवला. "घ्या. गिळा."

"आधी कावळा," पद्मावहिनी म्हणाल्या.

काकांनी बोंडा भिंतीवर ठेवला. आमचे कावळे नखरेल. राजपुत्राच्या वेळी अर्धा तास लागला होता, राणीला तर दुपार झाली. काकांनी हात जोडून काहीतरी पुटपुटल्यावर कुठे एक येऊन चोच लावून गेला. सिंधूबाईने मागे होऊन निंबाला पाठ टेकली, हाताची घडी घातली. तिला वाटत होतं कावळा येणार नाही. मला ते तिच्या तोंडावर दिसत होतं. येणार नाही, आणि मग ती म्हणणार, पाहा, जिता हाय, भरा डबा.

काकांचा हात भिंतीवरून निघाला न निघाला, कावळा वरच्या फांदीवरून सरळ खाली आला. एकच. बोंडा उचलला आणि गेला.

काकांनी टाळी वाजवली. पद्मावहिनी म्हणाल्या, "अगं बाई, लगेच!"

आणि मी म्हणाले. माझं वाक्य मला पाठ आहे, कारण ते मी तेव्हाच मनात एकदा बोलून पाहिलं होतं आणि चांगलं वाटलं म्हणून मोठ्याने बोलले. "बघा सिंधूबाई, बिचारा कधीचा वाट पाहत होता. तुम्हीच सोडत नव्हत्या."

ती हसली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने शिवी दिली असती, मी एक टोमणा मारला असता, पुढच्या सोमवारी सगळं ठीक झालं असतं. ती भिंतीकडे पाहत राहिली. बोंडा होता तिथे तेलाचा गोल डाग पडला होता. मग हळूच, भाव विचारावा तसं तिने मला विचारलं, "असं असते का मॅडम?"

मी तोंडात बोंडा घातला होता. मान हलवली. हो म्हणून हलवली की घास गरम होता म्हणून, ते आता मलाही सांगता येत नाही.

बोंडे अप्रतिम होते. सगळे संपले.

पुढच्या सोमवारी ती आली, त्याच्या पुढच्याही. मालिकेवर बोलायची, पण कुणी मेलं की ओरडायची नाही. अक्षय्य तृतीया झाली, आणि नंतर ठेला घेऊन गजानन स्वतः येऊ लागला. पहिल्याच दिवशी त्याने इंगळे काकांना पत्रिका दिली. मुलीचं लग्न ठरलं होतं.

"वहिनी कशा आहेत?" मी विचारलं.

"वहिनीनं हो म्हनलं बा येकदाचं," गजानन म्हणाला. त्याचं तोंड उजळलेलं होतं, आणि त्याला तरी मी काय दोष देऊ, बाप होता तो. "बारा वर्सं आयकत नव्हती. येक दिवस ठेला घेऊन आली, हात धुतले, न म्हनते, गजानन, कर काय कराचं ते. तो वाट पाहून राह्यला असन."

काका घाटावर जाऊन आले होते. पळसाची पानं दोऱ्याने बांधून माणूस केला होता, डोक्याच्या जागी नारळ. सिंधूबाई जवळ उभी होती. पुतळा आडवा ठेवल्यावर ती म्हणाली, याचे पाय आखूड झाले, तो उंच होता. जोशीबुवा म्हणाले, चालते बाई. ती म्हणाली, चालत नाही. मग गजाननने पुन्हा पानं आणून पाय लांब केले. एवढं सांगून काका घरात गेले आणि दार लावून घेतलं.

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. सिंधूबाई मांडवात दिसली नाही. मुलीच्या लग्नात विधवेने पुढे पुढे करू नये, म्हणून ती मागे आचाऱ्याकडे कांदे चिरत होती, असं नंतर कळलं. त्यानंतर महिनाभरात ती अकोल्याला बहिणीकडे निघून गेली.

आणि 'मेघदुर्ग'च्या तिसऱ्या पर्वात, चौथ्या भागात, नावाडी परत आला.

धुक्यातून नावेचं टोक आलं, मग घोंगडी, मग तो. दाढी वाढलेली, एक डोळा गेलेला. नदीच्या पलीकडे त्याला कुणी तरी बांधून ठेवलं होतं म्हणे. त्याने नाव काठाला लावली आणि म्हणाला, "उशीर झाला का?" मी टीव्ही बंद केला. आमच्या ह्यांनी विचारलं, लाइन गेली का? मी म्हटलं, हो.

सोमवारी ओट्यावर आम्ही तिघं होतो. पद्मावहिनी भेंडी निवडत म्हणाल्या, त्यांची लाइन गेली होती. काका म्हणाले, त्यांचीही. तिघांच्याही घरी एकाच वेळी अंधार झाला होता आणि गल्लीतले बाकीचे सगळे दिवे चालू होते. मंडळ त्यानंतर मोडलं.

गेल्या हिवाळ्यात मावसबहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला मी अकोल्याला गेले होते. जठारपेठेत रिक्षातून उतरले, फुलं घ्यायची होती, आणि दुकानांच्या रांगेपुढे पोतं अंथरून सिंधूबाई बसलेली. पालक, मेथी, थोडी शेवंती. कपाळ कोरं. मी पुढे निघून जाणार होते, अगदी खरं सांगते, चार पावलं गेलेही होते.

"मॅडम! वजन कमी झालं नाही अजून?"

परतले. बसले तिच्यासमोर, गुडघ्याच्या पट्ट्यासकट. तिने काकांची चौकशी केली, पद्मावहिनींची केली, माझ्या गुडघ्याची टिंगल केली. गजाननच्या पोरीला मुलगी झाली होती. "मायासारखीच काळी हाय म्हनते," ती म्हणाली. भेटायला बोलावलं का, हे मी विचारलं नाही. मग फुलांवर पाणी शिंपडता शिंपडता, माझ्याकडे न पाहता तिने विचारलं,

"मंग, नावाडी आला का हो?"

"तुम्ही पाहत नाही का आता?"

"बहिनीच्या घरी टीव्ही हाय, पन तिचा बुढा दिवसभर कीर्तन पायते. आला का?"

डोहाळजेवणाच्या साडीत मी रस्त्यावर उकिडवी बसले होते. मागून स्कूटरी जात होत्या. "नाही," मी म्हणाले.

"येकदाई नाही?"

"एकदाही नाही. नाव सापडली त्याची, उलटी. मागेच बुडाला होता तो. आपण तेरवी केली तेव्हा मेलेलाच होता." खोटं बोलताना तपशील घालावा लागतो, हे मला आठवीच्या पोरांनी शिकवलं आहे.

तिने हातातला तांब्या खाली ठेवला. "माया गळ्याची शपथ घ्या."

आमच्याकडे लहान पोरंसुद्धा गळ्याची शपथ जपून घेतात. खोटी घेतली तर ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो. मी म्हणाले, काय सिंधूबाई, टीव्हीवरच्या माणसासाठी शपथ घ्यायची? तिने पदर खाली ओढला आणि हनुवटी वर करून गळा माझ्यापुढे धरला. सगळी मान उन्हाने रापून काळी झाली होती. फक्त काळी पोत असायची तिथे एक बारीक फिकट रेघ दोन्ही खांद्यांकडे गेली होती, मधेच मण्याएवढी रुंद होत.

मी त्या रेघेवर दोन बोटं ठेवली. "गळ्याशपथ," मी म्हणाले. "मेला तो."

तिने डोळे मिटले होते. मी हात काढून घेतला तरी तिने डोळे उघडले नाहीत. माझ्यामागे एक बाई येऊन उभी राहिली होती, तिने दोनदा विचारलं, "मावशी, मेथी कशी दिली?" तिसऱ्यांदा विचारल्यावर सिंधूबाईने डोळे उघडले, पदर वर ओढून घेतला आणि तिला मेथीचा भाव सांगितला.